पावलाची नाडी

डॉक्टरांनी मापकाकांच्या उजव्या पावलावर दोन बोटं टेकवली आणि ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मग बोटं जरा सरकवून पुन्हा टेकवली. मापकाकांना वाटलं, बूट कुठे काचतो ते शोधताहेत. चाळीस वर्षं त्यांनी स्वतः हेच केलं होतं. समोरच्याचं पाऊल मांडीवर घ्यायचं आणि दुखरी जागा सापडेपर्यंत बोटं फिरवायची. आपला पाय असा दुसऱ्या कुणाच्या हातात असणं त्यांना मुळीच आवडलं नव्हतं.

“तिथे नाही दुखत,” ते म्हणाले. “पोटरीत दुखतं.”

“दुखणं नाही शोधत मी,” डॉक्टर म्हणाले. “नाडी शोधतोय.”

पावलावर नाडी असते हे मापकाकांना माहीत नव्हतं. हजारो पावलं त्यांच्या हातांखालून गेली होती. टाचेचा उतार, चवड्याची रुंदी, करंगळीचा हट्ट, सगळं त्यांना डोळे मिटून सांगता आलं असतं. मापावाचून ते कुणाला जोडा देत नसत, जुन्या गिऱ्हाइकाचंही दर खेपेला नव्याने माप घेत, म्हणून तर सगळी गल्ली त्यांना मापकाका म्हणायची. आणि आता त्यांच्या लेकीच्या वयाचा हा डॉक्टर त्यांच्याच पावलावर एक अशी गोष्ट शोधत होता जिचा त्यांना पत्ता नव्हता. त्यांना राग आला, आणि रागामागून जरा लाजही वाटली.

लेक शेजारी त्यांचे बूट हातात धरून उभी होती. तिनेच त्यांना इथे आणलं होतं. नडगीवर चामडं कापायच्या रापीचं टोक लागून झालेली एवढीशी जखम भरायला चार महिने लागले, तेव्हा तिने बापाचं ऐकणं सोडून दिलं. तोवर मापकाकांनी स्वतःसाठी लागोपाठ पाच जोड शिवले होते. पोटरी आवळते म्हणजे टाच उंच झाली असणार, म्हणून टाच उतरवली. मग सोल मऊ घातला. मग चवडा सैल केला. दुखतं तिथे बूट चुकतो, एवढं सोपं गणित घेऊन त्यांनी जन्म काढला होता, आणि ते इतके दिवस बरोबर येत आलं होतं.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून रक्ताचा दाब पाहिला, मग तोच पट्टा घोट्याच्या वर बांधून पाहिला. हातातला दाब आणि पायातला दाब जवळपास सारखा हवा. मापकाकांच्या उजव्या पायात तो हाताच्या निम्म्याहून थोडा जास्त भरला. हे मात्र मापकाकांनी मानलं. मापाशी त्यांनी कधी वाद घातला नव्हता.

मग डॉक्टरांनी कागदावर एक नळी काढून समजावलं. मांडीतली रक्तवाहिनी आतून अरुंद झाली आहे. बसलेलं असताना पायाला जेवढं रक्त लागतं तेवढं कसंबसं पोहोचतं, म्हणून काही जाणवत नाही. चालायला लागलं की पोटरीचा स्नायू जास्त मागतो आणि ते मिळत नाही, म्हणून तो आवळतो. थांबलं की मागणी कमी होते आणि दुखणं जातं. कातडी पातळ आणि चकचकीत होते, नडगीवरचे केस झडतात, नखं जाड होतात, पाऊल गार पडतं, कारण कातडी काय, केस काय, नख काय, सगळ्यांना रक्तावरच जगायचं असतं. जखम भरायचं सामानही रक्तातूनच येतं. ते आलं नाही तर खरचटलेलं चिघळतं, बोट काळं पडतं आणि मग कापण्यावाचून इलाज राहत नाही. शिवाय ज्याच्या पायातल्या वाहिन्या अशा झाल्यात, त्याच्या हृदयातल्या आणि मेंदूतल्याही तपासायला हव्यात. मापकाका रोज संध्याकाळी गार पावलाला गरम पाण्याची पिशवी लावत, तीही डॉक्टरांनी बंद करायला सांगितली. रक्त कमी असलं की उष्णता वाहून नेणारं कुणी नसतं आणि कातडी कळायच्या आत भाजते.

“सिगारेट?” डॉक्टरांनी विचारलं.

“काम करताना नाही,” मापकाका म्हणाले. “काम करताना तोंडात खिळे असतात.”

“मग आता दिवसभर खिळेच ठेवा,” डॉक्टर म्हणाले, आणि लेक पहिल्यांदाच हसली.

उपाय तर मापकाकांना सगळ्यात विचित्र वाटला. गोळ्या होत्याच, पण त्यांच्याबरोबर रोज अर्धा तास चालायचं होतं. दुखायला लागेपर्यंत चालायचं, दुखलं की थांबायचं, गेलं की पुन्हा चालायचं. असं तीन महिने नेटाने केलं की आजूबाजूच्या बारीक वाहिन्या थोडं काम उचलतात आणि स्नायूही मिळेल तेवढ्यात भागवायला शिकतो. नाहीच जमलं तर आत फुगा घालून वाहिनी उघडायची. मापकाकांना हे पटेना. जे दुखतंय तेच मुद्दाम दुखवायचं, हे कुठल्या कारखान्यात चालतं?

“नेमकं कसं होतं ते एकदा तुमच्या शब्दांत सांगा,” डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं.

“पोटरी आवळते,” मापकाका म्हणाले. “कुणीतरी मुठीत धरल्यासारखी. दोन मिनिटं उभं राहिलं की जाते. पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा आवळते.”

हे बोलता बोलताच ते थांबले. हे शब्द त्यांचे नव्हते. त्यांनी ते ऐकलेले होते, दुकानातल्या बाकावर बसून, मोजूनमापून उच्चारलेले. ते शब्द शुद्धलेखनबाईंचे होते.

शुद्धलेखनबाई हे नाव लेकीने ठेवलेलं. एका छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा आत पाऊल टाकण्याआधीच पाटीवरच्या दोन चुका सांगून मोकळ्या झाल्या होत्या. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून त्या आठवड्यातून दोनदा हटकून यायच्या. शिवण टोचते, जीभ सरकते, नाडीची भोकं एका रेषेत नाहीत. आल्या की आधी बाकावर पाच मिनिटं गप्प बसायच्या, मगच तक्रार सांगायच्या. मापकाका त्यांना वैतागायचे आणि सोमवारी त्या आल्या नाहीत की दाराकडे बघत बसायचे. त्यांच्यासाठी टाच चढवून झाली होती, उतरवून झाली होती, सोल तीनदा बदलून झाला होता. “पोटरी कशी आहे?” असं विचारलं की त्या म्हणायच्या, “आवळते अधूनमधून.” आणि मापकाका पुन्हा बूट उलटा करून बघायचे.

दोन वर्षं. डॉक्टर पुढच्या तारखेबद्दल लेकीशी बोलत होते आणि मापकाका हिशेब करत होते, की एवढ्या वेळात एखाद्या पावलाचं काय काय होऊ शकतं. त्यांना त्या बाईंची नखं आठवेनात. घोट्याची जाडी आठवत होती, टाच आठवत होती, पण पाऊल गार होतं का ते काही केल्या आठवेना. आपल्या नादात आपण एका माणसाचा पाय घालवला, हा विचार त्यांच्या मनात आला आणि तो काही जाईना.

त्या संध्याकाळी दुकानात त्यांनी लेकीला बाकावर बसवलं आणि तिचं पाऊल मांडीवर घेतलं. माप कशाला, माझ्याकडे आहेत की बूट, असं ती म्हणत होती. त्यांनी तिला गप्प राहायला सांगितलं. बोटं टेकवली, सरकवली. बऱ्याच वेळाने अंगठ्याच्या रेषेत जरा वर, हाडाला लागून, बारीकशी काहीतरी उसळी लागली. मग पुन्हा लागली. ही मुलगी चालायला लागली तेव्हाचा पहिला जोड त्यांनीच शिवला होता, आणि तेव्हापासून हे इथे असंच चालू होतं. त्यांना एकदम खूप बरं वाटलं. ते इतका वेळ पाऊल धरून बसले की शेवटी लेकीनेच विचारलं, आहे ना?

“आहे,” ते म्हणाले. “चांगली आहे.”

मग त्यांनी मापांच्या खोक्यातून शुद्धलेखनबाईंचं कार्ड काढलं आणि त्यावरचा पत्ता चिठ्ठीवर उतरवून घेतला. लेक म्हणाली, फोन करा की. पण असल्या गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात, एवढं मापकाकांना कळत होतं. चूक आपली असली की आपण उठून जायचं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते निघाले. लेकीने गाडीने सोडते म्हटलं तर नको म्हणाले. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, हे आयतंच कारण हाताशी होतं. छत्रीवाल्याच्या दुकानापाशी पोटरीने पहिल्यांदा धरलं. गेलं दीड वर्ष ते अशा वेळी काय करायचे, तर एखाद्या दुकानाच्या काचेसमोर उभे राहायचे आणि आतल्या वस्तूंकडे फार मन लावून बघायचे. त्यामुळे गल्लीत कुणाला संशय आला नव्हता. उलट म्हातारपणी काकांना खरेदीचा शौक लागला, अशी थट्टा व्हायची. आजही ते छत्र्या बघत उभे राहिले. दुखणं ओसरलं. पुढे निघाले. घड्याळजीपाशी पुन्हा धरलं, शाळेच्या कुंपणापाशी पुन्हा. कुंपणात बघण्यासारखं काहीच नव्हतं, तिथे ते नुसतेच उभे राहिले. पलीकडच्या वर्गात कुणीतरी मोठ्याने पाढे म्हणत होतं. चौथ्यांदा थांबले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की बाई हेच अंतर आठवड्यातून दोनदा चालून येतात, ते आपल्या बुटांना नावं ठेवायला. त्यांना स्वतःचीच चीड आली.

बाईंचं घर पहिल्या मजल्यावर होतं. दार उघडलं तेव्हा त्यांच्या कानामागे पेन्सिल होती.

“अहो कारागीर,” त्या म्हणाल्या, “तुम्ही इकडे कसे? आज तर गुरुवार. मीच येणार होते.”

मापकाकांनी बसण्याआधीच सांगून टाकायचं ठरवलं होतं, पण जिन्याने त्यांना खुर्चीत बसवलं. बाईंनी पाणी आणून दिलं. खोलीत पुस्तकांची दोन कपाटं, खिडकीशी टेबल, टेबलावर खुणा केलेले कागद. निवृत्तीनंतरही ओळखीपाळखीत कुणाचं ना कुणाचं तपासणं चालूच होतं. दाराशी मापकाकांनी शिवलेले काळे बूट ठेवले होते. पॉलिश केलेले, टाचा सरळ, कुठे घासलेले नाहीत. इतके नीट ठेवलेले स्वतःचे बूट मापकाकांनी फार थोड्या घरांत पाहिले होते.

पाणी पिऊन झाल्यावर ते खुर्चीतून उतरले आणि जमिनीवर बसले.

“उजवं पाऊल द्या,” ते म्हणाले. “मोजा काढून.”

बाईंनी काही न विचारता मोजा काढला. दोन वर्षांच्या सवयीने पाऊल आपसूक त्यांच्या मांडीवर आलं. मापकाकांनी आधी नखं बघितली, मग बोटांच्या बेचक्यांत बघितलं. जखम नव्हती, काही काळं नव्हतं. मग त्यांनी दोन बोटं टेकवली. लेकीच्या पायात जिथे सापडलं होतं तिथे काहीच लागेना. बोटं सरकवली, श्वास रोखला. खाली रस्त्यावरून गाडी गेली तिचाच हादरा तेवढा बोटांना लागला.

“बाई,” ते मान वर न करता म्हणाले, “तुमची पोटरी माझ्या बुटांमुळे नाही दुखत. रक्त कमी पोहोचतंय पायात. मला काल कळलं, माझंही तेच आहे. मी दोन वर्षं तुमच्या टाचा वरखाली करत बसलो. उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा. मी बरोबर येतो हवं तर.”

बाईंनी मांडीवरचा पाय हळूच काढून घेतला, उठून टेबलाच्या खणातून गोळ्यांचा डबा आणला आणि मापकाकांसमोर जमिनीवर ठेवला. सात कप्प्यांचा डबा होता. बुधवारपर्यंतचे रिकामे होते.

“दोन वर्षं घेतेय,” त्या म्हणाल्या.

मापकाका डब्याकडे बघत राहिले.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

“तुमच्याकडे पहिल्यांदा आले त्याच्या आदल्याच दिवशी कळलं होतं. मी तुम्हाला सांगितलंही. पोटरी आवळते म्हणाले, डॉक्टर म्हणतात रक्तवाहिनीचं आहे म्हणाले. चांगलं दहा मिनिटं सांगितलं. रोज चालायला सांगितलंय, तर चालायला बरे पडतील असे बूट द्या, म्हणाले.”

“आणि मी?”

“तुमच्या तोंडात खिळे होते. ते काढून तुम्ही म्हणालात, डॉक्टरांना बुटातलं काय कळतं. आणि माप घ्यायला लागलात.”

मापकाकांनी आठवून पाहिलं. त्या दिवशीचा बाईंचा जुना बूट त्यांना लख्ख आठवत होता. डाव्या बुटाची टाच बाहेरच्या अंगाने झिजलेली, उजव्याची जीभ फाटलेली. पोटरी आवळते हेही आठवत होतं, कारण त्याचा बुटाशी संबंध होता. बाकीचं कुठेच नव्हतं. ते त्यांच्या कानांपर्यंत आलंही असेल, पण तिथून पुढे गेलेलं नव्हतं. ती दोन वर्षांपूर्वीच्या थंडीतली गोष्ट. त्यांची स्वतःची पोटरी पहिल्यांदा आवळली ती त्यानंतरच्या उन्हाळ्यात. बाईंनी हे बोलून दाखवलं नाही. पण तेव्हा ऐकलं असतं तर आपलं दुखणं पहिल्याच दिवशी ओळखता आलं असतं, हा हिशेब काही अवघड नव्हता, आणि तो मांडून झाल्यावर मापकाकांना बाईंकडे बघवेना.

“मग तुम्ही पुन्हा पुन्हा का यायचात?” त्यांनी विचारलं. “शिवण टोचते म्हणून, जीभ सरकते म्हणून?”

बाई हसल्या. डॉक्टरांनी रोज चाला म्हटलं खरं, पण त्यांच्याच्याने नुसतं चालवेना. बागेला चकरा मारणाऱ्या लोकांचं त्यांना हसूच यायचं. उभ्या जन्मात त्या कामावाचून घराबाहेर पडल्या नव्हत्या. म्हणून त्यांनी कामं शोधून काढली. मंगळवारी वाचनालय, बुधवारी धाकट्या बहिणीकडे, शनिवारी पोस्ट. मापकाकांचं दुकान अगदी हवं तेवढ्या अंतरावर होतं. जाताना तीनदा थांबावं लागायचं, येताना तीनदा. तक्रारी काढायला त्यांना कष्ट पडत नव्हते. तीस वर्षं दुसरं केलं काय होतं.

“आणि बूट?” मापकाकांनी विचारलं.

“बूट पहिल्या दिवसापासून छान आहेत,” बाई म्हणाल्या. “मधे तुम्ही टाच उतरवलीत तेव्हा जरा बिघडले होते. मग तुम्हीच पुन्हा चढवलीत.”

चाळीस वर्षांत त्यांच्या कामाची इतकी स्वच्छ तारीफ कुणी केली नव्हती, आणि ती अशा वेळी हाती आली की तिचं काय करावं ते मापकाकांना कळेना. त्यांना आनंद झाला आणि रडूही आलं. दोन्ही लपवायला ते मोजा उलटसुलट करत बसले. शेवटी बाईंनीच तो त्यांच्या हातातून घेतला.

ते जायला उठले तेव्हा बाईंनीही बूट चढवले. आजची फेरी व्हायचीच आहे, म्हणाल्या, दुकानापर्यंत येते. जिना उतरून दोघं शाळेच्या बाजूने निघाले. चालता चालता बाई मापकाकांच्या किंचित पुढे जात आणि पुन्हा मागे येत. घड्याळजीचं दुकान अजून वीस पावलं लांब होतं आणि उजव्या पोटरीत मूठ वळायला लागली. समोर ना दुकान ना काच, नुसती भिंत. आता काय बघत उभं राहायचं, या विचारात असतानाच बाई थांबल्या.

“थांबू या जरा,” त्या म्हणाल्या. “आवळली.”

मापकाका थांबले. त्यांना फार हायसं वाटलं. त्यांनी सवयीने बाईंच्या पायांकडे पाहिलं. पोटरी आवळलेलं माणूस भार दुसऱ्या पायावर टाकतं, दुखऱ्या पायाची टाच नकळत उचलतं. मापकाका स्वतः त्या क्षणी तसेच उभे होते. बाईंच्या दोन्ही टाचा जमिनीला सपाट टेकलेल्या होत्या. भार दोन्ही पायांवर सारखा होता. दोन वर्षं चालून चालून त्यांचा पाय एवढ्या अंतराला आता जुमानत नव्हता.

भिंतीकडे तोंड करून दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. लोक वळसा घालून जात होते. हळूहळू मूठ सैल झाली.

“बाई,” मापकाका म्हणाले, “त्या दिवशी दुकानात डॉक्टरांचं आणखी काय काय सांगितलं होतंत?”

“सगळं सांगू?”

“सगळं.”

बाईंनी चालायला सुरुवात केली आणि पहिल्यापासून सांगू लागल्या. मापकाका बाईंच्या डाव्या बाजूला आले, कारण त्यांचा स्वतःचा उजवा कान चांगला होता.